लक्ष्मीबाई टिळक : एक संसार, दोन वाटा

दिनांक १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबई येथें कवि नारायण वामन टिळक यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं दूर आप्तांकडे होत्या. जवळ चार वर्षांचा दत्तू होता. पतीच्या मागून जावें तर धर्म सुटतो, धर्माला धरून राहावें तर पति सुटतो, असा पेंच त्यांच्यापुढें उभा राहिला.

हा पेंच किती कठीण होता, हें त्यांचें बालपण पाहिल्यावांचून कळणार नाहीं. नाशिकजवळील जलालपुरास १८६८ सालीं त्यांचा जन्म झाला. वडिलांचें सोवळें इतकें कडक कीं, सारें घर त्याच्या धाकांत असे. लग्न १८८० सालीं झालें. अक्षरओळखहि पुढें पतीकडूनच झाली. अशा स्त्रीला धर्म हा ग्रंथांतला विषय नव्हता. कोणाच्या हातचें पाणी प्यावें आणि कोणाच्या पंक्तीला बसावें, या रोजच्या आचारांतच तिचा धर्म सांठविलेला होता.

त्या काळीं कायद्यानें एक वाट मोकळी ठेविली होती. १८६६ च्या कायद्यान्वयें, धर्मांतरामुळें जोडीदार नांदावयास तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्या माणसास न्यायालयाकडे जातां येई. विचाराला एक वर्षाची मुदत मिळे. तरीहि नकार कायम राहिला तर विवाह मोडे, आणि दोघांसहि पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होई. टिळकांनीं त्या वाटेनें पाऊल टाकलें नाहीं. पत्नीवर आपला धर्म लादावयाचा नाहीं, हीहि त्यांची भूमिका होती. लक्ष्मीबाईंनीं पंढरपुरासारख्या क्षेत्रीं राहून दिवस काढले. सुमारे चार-पांच वर्षें असा वियोग झाला.

पुढें अहमदनगरास त्या पतीजवळ आल्या, त्याहि आपलें सोवळें संभाळूनच. पत्नी म्हणून परत येणें आणि ख्रिस्ती होणें या दोन गोष्टी त्यांनीं एक होऊं दिल्या नाहींत. पहिली गोष्ट कर्तव्याची होती. दुसरीला अंतःकरणाची साक्ष हवी होती. विचार करतां करतां प्रथम त्यांच्या मनांतून जातिभेद गेला. मनुष्यानें घातलेलें बंधन ईश्वराचें कसें, हा प्रश्न एकदां पडल्यावर जुना आचार आपोआप गळून पडला. मग १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पतीच्या आज्ञेनें तो घेतला असता तर पांच वर्षांपूर्वींच घेतां आला असता.

श्रद्धेची खरी कसोटी मात्र पुढें संसारांतच लागली. टिळकांचा हात उदार, व्यवहार असा तसाच. घरचा जिन्नस आणावयास गेलेले टिळक शोभेची दौत घेऊन परतले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. दुष्काळांत पोरकीं झालेलीं मुलें त्यांच्या घरीं वाढलीं. बालकवि ठोंबरे यांनाहि तेथें मातेची माया मिळाली. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला. पति देवावर भरंवसा ठेवी; तो भरंवसा ताटांत वाढावयाचें काम पत्नीकडे येई. लक्ष्मीबाई रागावत, बोलत, थट्टाहि करीत; पण दारीं आलेल्या पोराला परत लावीत नसत. प्रार्थना आणि चूल यांमध्यें त्यांनीं भिंत घातली नाहीं.

९ मे १९१९ रोजीं टिळक निवर्तले. त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ काव्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. जिला अक्षरें त्यांनींच शिकविलीं, तिनें पुढील बहुतेक भाग रचिला. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रें’ प्रसिद्ध होऊं लागलीं, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाईंचें देहावसान झालें.

त्या ग्रंथांत पतीची पूजा नाहीं, तशी तक्रारहि नाहीं. त्याचे दोष उघड सांगून त्याच्यावर प्रेम करणारी ही स्त्री स्वतःचे दोषहि झांकीत नाहीं. पतीच्या सावलींत राहूनहि तिनें आपला देव आपण शोधिला. आणि तो आपण शोधिलेला होता म्हणूनच, पतीमागेंहि तो तिच्यापाशीं राहिला.