पत आणि पत्रिका

गिरणाकाठच्या भडगावात काळ्या जमिनीत कपाशी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला श्रीमंत म्हणावे की गरीब? आम्हांस वाटते, उत्तर मोजणाऱ्यावर अवलंबून असते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसाकडे वळल्या. खानदेशात भाव कडाडले. सावकाराचा हात सैल झाला. त्याच्या लेखी श्रीमंत म्हणजे ज्याला कर्ज देता येते तो! युद्ध संपले, भाव कोसळले. जमीन तीच, राबणारे हातही तेच. वहीतले कर्ज मात्र उरले. शेतमजुराला तर ही पतदेखील नव्हती.

पुढे मोजमाप शासनाने हाती घेतले. १९९९ साली महाराष्ट्रात तिरंगी शिधापत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याहून अधिक असल्यास पांढरी. चार हेक्टरांहून अधिक बागायत असणाऱ्यालाही पांढरीच. वादळाने केळीची बाग आडवी झाली तरी पत्रिकेचा रंग त्या वर्षापुरता बदलत नाही. सावकार निदान पीक पाहून मत बदलत असे.