झिराडचे आडनाव

अलिबाग आणि मांडवा यांच्यामधल्या नारळी-पोफळीच्या पट्ट्यात नवगाव, किहीम, झिराड अशी जी गावे आहेत, त्यांची नावे आज मुंबईकर पाहुण्यांना बंगल्यांच्या जाहिरातींतून ठाऊक असली, तरी त्यांपैकी एका नावाने वैद्यकाच्या इतिहासात जे स्थान मिळविले आहे, त्याची वार्ता पाहुण्यांना तर नाहीच, खुद्द जिल्ह्यालाही फारशी नाही. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून वाचलेल्या सात पुरुषांचा आणि सात स्त्रियांचा आपण वंश, असे परंपरेने सांगणारा बेने इस्रायल समाज या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले, आणि त्यांनीही कोकणच्या रिवाजाप्रमाणे गावांवरून केहिमकर, दिवेकर अशी आडनावे धारण केली. झिराडच्या कुळाने मात्र पुढे ‘कर’ न लावता गावाचे नावच तसेच उचलले.

हा समाज घाण्यावरून डॉक्टरीपर्यंत कसा पोहोचला, याचा विचार करताना बुद्धी, चिकाटी, महत्त्वाकांक्षा इत्यादी सद्गुणांची यादी देण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण हे गुण घाण्याभोवती फिरणाऱ्या मागल्या पिढ्यांतही असलेच पाहिजेत. फरक पडला तो किनारा सोडून मुंबईस गेलेल्यांना कंपनी सरकारच्या पलटणींत आणि पुढे सरकारी कचेऱ्यांत जागा मिळाल्या, आणि त्याहून अधिक म्हणजे १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा निघाली तेव्हा. गरिबाच्या पोराला ‘शीक’ म्हणून सांगणारे सर्वकाळ पुष्कळ असतात. त्याच्यासाठी भाड्याची का होईना, पण खोली घेऊन शिक्षक नेमणारा विरळा.

झिराडच्या या कुळातील जेरुशा झिराड यांचा जन्म शिमोग्याचा आणि शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेतले. त्या अकरा वर्षांच्या असताना त्यांची बहीण गंभीर आजारी पडली, तिला मुंबईच्या कामा इस्पितळात नेले आणि तेथील डॉक्टर अॅनेट बेन्सन यांच्या उपचारांनी ती बरी झाली; आपणही हेच काम करावयाचे, हा निश्चय त्या मुलीने त्या वेळी केला. अशा निश्चयांना चरित्रग्रंथांत फार मोठी जागा मिळते आणि त्यांच्या खर्चाच्या बाजूला फार थोडी. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ साली एल. एम. अँड एस. झाल्यावर विलायतेस जाण्यासाठी जेरुशाबाईंनी प्रथम स्वतःचा व्यवसाय करून पैसा जमविला, टाटांकडून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळविली, आणि त्यानंतर हिंदुस्थान सरकारची विलायतेतील शिक्षणाची शिष्यवृत्ती त्यांच्या पदरी पडली. ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये राहून, तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १९१९ मध्ये त्या प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयांत एम. डी. झाल्या.

येथे अलिबागकर म्हणता येईल अशा एका व्यक्तीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांची टपाल खात्यातील बदली अलिबागेस झाली असता आनंदीबाई काही काळ येथे राहिल्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, आणि त्या दुःखातून १८८६ साली पेनसिल्व्हेनियात मिळालेल्या पदवीपर्यंतचा मार्ग निघाला, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. मला तिच्यातील जो भाग अधिक महत्त्वाचा वाटतो तो सहसा सांगितला जात नाही: पदवी मिळताच कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्री-विभागावर त्यांची रीतसर नेमणूक केली होती. रुजू होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या वारल्या हे दुर्दैव. पण दरबाराच्या दप्तरात त्यांच्यासाठी हुद्दा तयार होता. आनंदीबाई ब्राह्मण कुळातल्या होत्या, तेव्हा खालच्या मानलेल्या जातीत जन्मण्याची अडचण त्यांना नव्हती. स्त्री असण्याची जी होती, ती निदान एका संस्थानाच्या हुकुमाने दूर झाली होती.

जेरुशाबाईंच्या बाबतीत असा हुद्दा यावयास वेळ लागला. दिल्ली आणि बंगळूर येथील सेवेनंतर त्या मुंबईस आल्या आणि १९२८ साली कामा इस्पितळाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १८८६ पासून चाललेल्या त्या संस्थेच्या प्रमुखपदी बसणाऱ्या त्या पहिल्या हिंदी डॉक्टर, आणि १९४७ पर्यंत त्या तेथे राहिल्या. काटेकोरपणे बोलायचे तर त्या आयांच्या डॉक्टर, मुलांच्या म्हणजे बालरोगतज्ज्ञ नव्हत्या. पण त्या काळी बालवैद्यक ही शाखा आपल्याकडे स्वतंत्रपणे उभी राहिली नव्हती. मुंबईत मुलांसाठी वाडिया इस्पितळ परळला १९२९ साली उघडले आणि डॉक्टर जॉर्ज कोएल्हो यांनी तेथे या विद्येची पायाभरणी केली, तोपर्यंत अर्भकाचा कैवार बहुधा आईच्या डॉक्टरनेच घ्यावयाचा असे. १९२१ च्या सुमारास मुंबईचा बालमृत्यूचा आकडा दर हजारी सहाशेंच्या वर नोंदला जाई. त्यात गिरणगावातली दाटी आणि मूल निजावे म्हणून दिलेली अफूची गोळी होतीच, पण काही भाग हिशेबाचाही होता: कोकणी बायका बाळंतपणाला मुलखी जात, जन्म गावच्या पाटलाच्या नोंदीत पडे आणि मृत्यू मुंबईच्या. या मुलांच्या नव्हे, तर मातांच्या मृत्यूची कारणे जेरुशाबाईंनी पुढे मुंबईत पद्धतशीर चौकशी करून मांडली. त्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली.

कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, आणि चाळीस वर्षांनी, २०२१ मध्ये, अलिबागेस शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मुंबईची वाट धरल्यावाचून डॉक्टर होण्याची सोय या किनाऱ्याला लाभली, ही गोष्ट थोडी नव्हे. परंतु जागा आणि तेथपर्यंतची वाट या निराळ्या बाबी आहेत. कोळीवाड्यातल्या मुलाला निदान गावात शाळा आहे. कातकरी वाडीतल्या कित्येक मुलांना पावसाळा सरला की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जावे लागते आणि वर्ग अर्ध्यावर सुटतो. त्यातूनही जो टिकला त्याला पदवी आणि आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षे, नंतर बालरोगात एम. डी. करावयाची तर आणखी तीन, आणि त्या काळात घरी मागे राहिलेल्यांना काय खावयाचे हा प्रश्न शिष्यवृत्तीच्या अर्जात कोठेही विचारलेला नसतो.