राक्षसांच्या यादीतला शिक्षक

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, एकाने गोष्ट पुढे न्यायची आणि पात्राला यश आले की नाही ते फाशाने ठरवायचे. पेटीत तीन पुस्तिका होत्या, त्यातली एक राक्षसांची आणि खजिन्याची. सेंटॉर, म्हणजे कमरेवर माणूस आणि खाली घोडा, या पुस्तिकेत होता. तो वाटेत भेटणारा. ‘मी’ म्हणणारा नव्हे.

खरे तर तो आपल्या ओळखीचा आहे. वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यात धनु राशीचे चित्र पाहा. सहाव्या शतकात वराहमिहिराने या राशीचे वर्णन असेच केले आहे: हाती धनुष्य, मागचा भाग घोड्याचा. त्याच्या कितीतरी आधी तो बाबिलोनच्या शिलांवर कोरलेला आहे. उर्दूत या राशीला बुर्ज-ए-क़ौस म्हणतात. क़ौस म्हणजे धनुष्य. अब्दुर्रहमान सूफी यांच्या 964 च्या सुमारास लिहिलेल्या अरबी तारकाग्रंथातही हे अर्धाश्व आहेत. ‘रिगिल केंटॉरस’ या ताऱ्याच्या नावातला ‘रिगिल’ म्हणजे अरबी ‘रिज्ल’, पाय. आकाशात त्याला कोणी हाकलले नाही.

मग तो राक्षस झाला कुठे? ग्रीसमध्ये. तिथली कथा अशी की लॅपिथांच्या राजाच्या लग्नात सेंटॉर दारू प्यायले आणि नवरीवर व इतर बायकांवर तुटून पडले. इसवी सनपूर्व 447 नंतर उभ्या राहिलेल्या पार्थेनॉन मंदिरावर ही मारामारी कोरलेली आहे. इराणी फौजांनी अथेन्स जाळल्याला तेव्हा जेमतेम तेहतीस वर्षे झाली होती. ‘आम्ही माणसे, ते अर्धे जनावर’ हे सांगायला ही कथा सोयीची होती, असे अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटते. शत्रूला अर्धा जनावर ठरवले की त्याची बाजू ऐकावी लागत नाही.

पण त्याच ग्रीकांकडे खैरॉन आहे. तोही सेंटॉर, आणि अकिलीसचा व वैद्य अस्क्लेपिअसचा गुरू. लेफ्कांडी गावी इसवी सनपूर्व दहाव्या शतकाच्या सुमाराची भाजक्या मातीची मूर्ती सापडली. डोके एका कबरीत, धड दुसरीत. गुडघ्यावर जखमेची खूण आहे. कथेत खैरॉनला बाण लागतो, म्हणून ही मूर्ती त्याचीच असावी असा तर्क आहे. तसे असेल तर पार्थेनॉनच्या दारुड्यांपेक्षा शिक्षक चारशे-पाचशे वर्षांनी जुना ठरतो!

खेळातही पुढे काही पुरवणी पुस्तकांनी खेळाडूला सेंटॉर होऊ दिले. 2018 च्या रॅव्हनिका नगरीवरच्या पुस्तकात तर तो रीतसर निवडता येतो. त्याला शिडी चढणे फार जड जाते, हेही नियमात लिहिले आहे. खूर आहेत ना. मात्र त्याची नोंद मानवसदृशांत नाही, परीवर्गात आहे. त्यामुळे माणसाला जागीच खिळवणारा मंत्र त्याच्यावर चालत नाही.