श्रीरामपूरची मंडळी आणि तिचा पाळक

कलकत्त्याहून हुगळीच्या काठाने वर गेले की श्रीरामपूर लागते. (आपल्याकडील साखर कारखान्यांच्या मुलखातले श्रीरामपूर निराळे, हे वाचकांस सांगावयास नको.) या गावी ९ जून १८३४ रोजी डॉ. विल्यम कॅरी निवर्तले आणि तेथील ख्रिस्ती मंडळी पोरकी झाली. १८०० साली ही मंडळी स्थापन झाली, तेव्हापासून तिचे पाळकपद त्यांच्याकडे होते. पहिला बंगाली सभासद कृष्ण पाल नावाचा सुतार. निखळलेला खांदा मिशनच्या डॉक्टरांनी बसविला, तेव्हापासून त्याचे येणेजाणे सुरू झाले होते.

आम्हां मराठी माणसांस या इंग्रज चांभाराशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यांनी मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली छापला, तो याच गावी. फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने ‘सिंहासन बत्तिशी’ व ‘हितोपदेश’ ही पुस्तके मोडी लिपीत निघाली. त्यांतील मराठी आज अवघडल्यासारखी वाटते. परंतु पेशवाई अद्याप उभी असताना मराठी अक्षरांचे खिळे महाराष्ट्रापासून इतक्या दूर पाडले जात होते, ही गोष्ट लहान नव्हे.

पाळक म्हणून कॅरींची निष्ठा कशी होती, हे एका अपवादावरून अधिक कळते. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा बंगालीत उतरविण्यासाठी त्यांच्याकडे आला, तो नेमका रविवारी. त्यांनी उपदेशास दुसऱ्यास बोलाविले आणि दिवसभर भाषांतर केले. एक तास गेला तर एखाद्या विधवेचा जीव जाईल, हा त्यांचा हिशेब होता. आम्हांस तो प्रवचनाहून मोठा वाटतो.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. कलकत्त्यातील पेढ्या बुडाल्या, त्यांत मिशनचा पैसाही गेला. आपल्यामागे मार्शमन बागेत गाई सोडतील, अशी आजारी कॅरींस धास्ती होती. वनस्पती हा त्यांचा दुसरा धर्मच. मार्शमनांनी बाग जपण्याचे वचन दिले.

१० जूनच्या सकाळी पाऊस होता. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. गव्हर्नरांच्या निवासावरील ध्वज अर्ध्यावर उतरविला होता. रस्त्याच्या दुतर्फा गोरगरीब हिंदू-मुसलमान उभे होते. मंडळीने आपला पाळक त्यांच्या इच्छेप्रमाणे दुसऱ्या पत्नीशेजारी पुरला. मृत्युपत्रात पुत्र जाबेझ यास १,५०० रुपये देता यावेत म्हणून ग्रंथसंग्रह विकावा, असे लिहिले होते. आयुष्यभर मोठा पगार मिळविणाऱ्या माणसाने तो मिशनला वाहिला होता.

मंडळीपुढे खरा प्रश्न त्यानंतरचा. तिघा संस्थापकांपैकी वॉर्ड १८२३ सालीच गेले होते. एकटे वृद्ध मार्शमन उरले. विलायतेतील मूळ संस्थेशी १८२७ पासून फारकत झालेली, तिजोरी रिकामी. अखेर १८३७ च्या डिसेंबरात श्रीरामपूरचे मिशन पुन्हा मूळ संस्थेत सामील करण्याचे ठरले. ते वर्तमान येथे पोहोचले तेव्हा मार्शमन हयात नव्हते. १८४५ साली डेन्मार्कने गावही इंग्रजांस विकून टाकले. १८१८ साली या तिघांनी काढलेले महाविद्यालय मात्र हुगळीकाठी आजही चालू आहे.