शेबॉयगनच्या अलीकडे

१८४७ चा उन्हाळा. तुम्ही विंटर्सवाइकमध्ये उभे आहात, नेदरलँड्सच्या पूर्व टोकाला. जर्मन सीमा इथून हाकेच्या अंतरावर. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला, तेव्हापासून पोटाची ओढाताण आहे. १८३४ ला सरकारमान्य चर्चमधून फुटून निघालेल्यांनी दंडही भरलेत. घरोघरी एकच विषय, अमेरिका.

पेट्या बांधणाऱ्या शेतकऱ्याला आडनाव विचारा. तो आपल्या शेतघराचं नाव सांगेल. या भागात सासऱ्याच्या शेतावर राहायला गेलेला घरजावई त्या शेताचंच नाव लावायचा. १८११ मध्ये, नेपोलियनच्या अमलात, जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी आली आणि नावं कायम झाली. त्याआधीच्या पिढ्यांत सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघाली, तरी वंशावळीचा माग सोडू नका.

त्यांच्याबरोबर निघा. समुद्र, न्यूयॉर्क, ईरी कालवा, बफेलो. तिथून 'फिनिक्स' बोट. २१ नोव्हेंबरच्या पहाटे मिशिगन सरोवरात, विस्कॉन्सिनमधलं शेबॉयगन काही मैलांवर असताना, बॉयलरच्या बाजूने धूर येतो. बादल्या हातोहात पुढे जातात, आग हटत नाही. दोनच होड्या. त्यांत ४३ जण मावतात. बाकीचे डोलकाठीच्या दोरांवर चढतात किंवा बर्फगार पाण्यात उड्या घेतात. दोनशेच्या आसपास माणसं जातात, बहुतेक डच, त्यांत कितीतरी मुलं.

आता १८५०, शेबॉयगन काउंटी. जनगणनेचा माणूस दारात आहे. गुलाम सोडून घरातल्या प्रत्येकाचं नाव अमेरिका यंदा पहिल्यांदाच लिहून घेतेय. डच आडनाव तो कानावर पडेल तसं उतरवतो. त्यावर विसंबू नका, मुलांची नावं वाचा. रीतीप्रमाणे एका मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव मिळतं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. लेकींचा माग अवघड. डच कागदांत बाई मरेपर्यंत माहेरच्या नावाने असते, इथे लग्नानंतर ती नवऱ्याच्या नावाखाली दिसेनाशी होते. मग विंटर्सवाइकला परत या आणि मागे राहिलेल्या भावंडांच्या मृत्युनोंदी काढा. त्यांत आईवडिलांची नावं असतात. आजी-आजोबांची ती नावं घेऊन विस्कॉन्सिनमधल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळा. नातवंडांत ती पुन्हा भेटतात.

वंशज शोधणारे बहुधा वाचलेल्यांच्या फांदीवरून पुढे जातात. पुढे कुणी नाही म्हणून सरोवरात गेलेली मुलं वंशावळीतून गाळणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांचा जन्म विंटर्सवाइकच्या रजिस्टरात शाईने लिहिलेला आहे. त्यासमोर मृत्यूच्या रकान्यात २१ नोव्हेंबर १८४७, मिशिगन सरोवर, एवढं नीट भरा आणि मग पुढच्या भावंडाकडे वळा.