उड्डाण सदृशक व घरगुती चालककक्ष

उड्डाण सदृशक : विमानाच्या चालककक्षाची संपूर्ण वा अंशतः प्रतिकृती उभारून, प्रत्यक्ष उड्डाण न करता उड्डाणातील परिस्थितीचा अनुभव देणाऱ्या साधनास उड्डाण सदृशक म्हणतात. व्यवहारात ते फ्लाइट सिम्युलेटर या नावाने ओळखले जाते. वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे हे अपरिहार्य साधन असून विमान कंपन्या व हवाई दले यांच्याप्रमाणेच अनेक हौशी लोक घरातील एखाद्या खोलीत अशी प्रतिकृती स्वतः बांधतात. ही हौस नवी वाटली, तरी ती या साधनाच्या मूळ प्रकृतीला धरूनच आहे. कारण पहिला यशस्वी उड्डाण सदृशक वाद्ये बनविणाऱ्या एका कारखान्याच्या तळघरात एका हौशी वैमानिकाने तयार केला होता. त्याच्यापुढील प्रश्न व आजच्या नवशिक्यापुढील प्रश्न यांतील साम्य आणि भेद लक्षात घेतल्यास या साधनाची शक्ती व मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात.

आरंभीचे प्रयत्न : प्रारंभीच्या काळात विमान चालविण्यास शिकणे म्हणजे जिवावरचे धाडस होते. एकच आसन असलेल्या विमानात शिक्षकाला शेजारी बसता येत नसे व पहिली चूक बहुधा शेवटचीही ठरे. यावर उपाय म्हणून १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानांच्या शिक्षणासाठी पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक बसवून एक साधन बनविण्यात आले. वरच्या भागात शिकाऊ वैमानिक बसे, मदतनीस तो भाग हातांनी हलवीत व शिकाऊ वैमानिक चक्रे फिरवून समोरचा दांडा क्षितिजाशी जुळता ठेवण्याचा प्रयत्न करी. याच सुमारास इंग्लंडमध्ये सँडर्स यांनी बिजागरीच्या सांध्यावर बसविलेले विमान वाऱ्याकडे तोंड करून ठेवण्याची युक्ती योजिली; तथापि वाऱ्याचा भरवसा नसल्याने तिचा फारसा प्रसार झाला नाही. या साधनांतून हातापायांच्या हालचाली शिकविता येत. मात्र विमानाची प्रतिक्रिया माणसाच्या किंवा वाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राही.

लिंक प्रशिक्षक : एडविन लिंक (१९०४–८१) याच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. लिंकने १९२० मध्ये उड्डाणाचा पहिला धडा घेतला. धडे महाग होते व त्यांतील बराचसा वेळ शिक्षकाचे कौशल्य पाहण्यातच जाई. तेव्हा जमिनीवरच सराव करता येईल असे यंत्र बनविण्याचे त्याने ठरविले आणि १९२७ ते १९२९ या काळात कारखान्याच्या तळघरात ते पूर्ण केले. यासाठी लागणारे तंत्र त्याच्या हाताशीच होते. मराठी संगीत नाटकांना साथ करणाऱ्या पायपेटीमुळे भाता आणि झडप यांचे कार्य मराठी वाचकास परिचित आहे. लिंकने लाकडी विमानाचे आखूड पंखांचे एक धड सर्व दिशांनी कलू शकणाऱ्या सांध्यावर बसविले व त्याखाली भाते ठेवले. नियंत्रण दांडा हलविला की झडपा उघडत, विजेवर चालणाऱ्या पंपाने भात्यांतील हवा ओढली जाई आणि धड पुढे-मागे वा डावी-उजवीकडे कले. सुकाणूचे पेडल दाबल्यास ते स्वतःभोवती फिरे. अशा रीतीने वैमानिकाची कृती व विमानाची प्रतिक्रिया यांचे नाते प्रथमच यंत्राने जोडले गेले.

लिंकने एकस्वासाठी अर्ज केला व ते त्याला १९३१ मध्ये मिळाले. अर्जात या यंत्राचे वर्णन विद्यार्थी-वैमानिकांचे शिक्षणसाधन व करमणुकीचे साधन असे दुहेरी केले होते. उड्डाणशाळांनी त्याकडे पाठ फिरविली. आरंभीचे बरेच प्रशिक्षक मनोरंजन उद्यानांत गेले. खेळणे की शिक्षणसाधन, हा वाद या साधनाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

ज्ञानेंद्रियांची फसगत : हा वाद मिटण्यास एक गंभीर कारण घडले. माणसाच्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की नलिका वळतात, पण आतील द्रव क्षणभर मागे राहतो व त्यावरून मेंदूला वळण्याची जाणीव होते. वळण एकाच गतीने काही काळ चालू राहिल्यास द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो आणि ती जाणीव नाहीशी होते. ढगात किंवा अंधारात क्षितिज दिसत नसताना वैमानिकाला आपण सरळ जात आहोत असे वाटते, प्रत्यक्षात विमान वळत व खाली जात असते. त्याने विमान सरळ केले, तर द्रवाच्या उलट हालचालीमुळे आपण विरुद्ध बाजूस वळत आहोत असा भास होतो व तो पुन्हा मूळच्या घातक वळणात शिरतो. यावर केवळ निर्धार पुरेसा पडत नाही. अंगाला जाणवते ते बाजूला सारून डोळ्यांपुढील उपकरणांवर विसंबण्याची सवयच लावून घ्यावी लागते. केवळ उपकरणांच्या आधारे संपूर्ण उड्डाण शक्य आहे, हे जिमी डूलिटल याने २४ सप्टेंबर १९२९ रोजी झाकलेल्या चालककक्षातून उड्डाण करून व विमान उतरवून दाखविले होते. घूर्णीवर आधारित कृत्रिम क्षितिज आणि संवेदनशील उंचीमापक यांमुळे ते साध्य झाले.

तरीही ही विद्या फार थोड्या वैमानिकांना अवगत होती. फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेच्या शासनाने खाजगी कंपन्यांचे टपालवाहतुकीचे करार रद्द करून ते काम सैनिकी हवाई दलाकडे सोपविले. रात्री व हिवाळी हवामानात उपकरणांवरून उडण्याचा पुरेसा सराव नसलेले वैमानिक या कामावर पाठविले गेले आणि थोड्याच काळात दहाहून अधिक वैमानिक व कर्मचारी मृत्युमुखी पडले. याच सुमारास लिंक सैनिकी अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी धुक्यातून स्वतः विमान चालवीत नूअर्क येथे उतरला. हे हवामान उड्डाणास अयोग्य मानून अधिकारी परत निघण्याच्या बेतात होते. या प्रात्यक्षिकानंतर हवाई दलाने त्याच वर्षी प्रत्येकी ३,५०० डॉलर दराने सहा प्रशिक्षक विकत घेतले.

सैनिकी उपयोगाच्या लिंक प्रशिक्षकावर झाकण असे. ते बंद केले की शिकाऊ वैमानिकाला बाहेरचे काहीच दिसत नसे. आत उपकरणे असत. शिक्षक बाहेर मेजाशी बसून ध्वनिक्षेपकावरून सूचना देई व काचेखालील नकाशावर एक छोटी चाकांची लेखणी काल्पनिक उड्डाणाचा मार्ग रेखाटीत जाई. यंत्र प्रत्यक्ष फिरत व कलत असल्याने अंतर्कर्णाची फसगतही खरीच होत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सु. १०,००० प्रशिक्षक तयार झाले व त्यांवर पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी शिक्षण घेतले.

पुढील विकास : विमाने मोठी झाली, तसे विशिष्ट विमानाच्या संपूर्ण चालककक्षाची प्रतिकृती करण्याची गरज भासू लागली. कर्टिस-राइट कंपनीने १९४८ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीसाठी बोइंग ३७७ स्ट्रॅटोक्रुझर या विमानाचा सदृशक तयार केला. तो हलत नसे व त्यात बाहेरचे दृश्यही नव्हते. पण इंजिनाला आग लागणे यांसारख्या आणीबाणीचा सराव सर्व चालकवर्गाला एकत्र करता येई. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९४४ मध्ये अमेरिकी नौदलासाठी सर्व प्रकारच्या विमानांना चालेल असा सदृशक बनविण्याची योजना सुरू झाली. तिचेच पुढे व्हर्लविंड या अंकीय संगणकात रूपांतर झाले. सहा प्रसरणशील पायांवर उभ्या असलेल्या हलत्या मंचाची कल्पना गॉ यांच्या टायर-परीक्षण यंत्रातून व स्टुअर्ट यांच्या १९६५ मधील निबंधातून पुढे आली. मोठ्या सदृशकांचे मंच आज याच तत्त्वावर हलतात.

उपकरणांवर विसंबण्यास शिकविताना एक पूरक धडाही द्यावा लागतो. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री मुंबईहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ अरबी समुद्रात कोसळले व त्यातील सर्व २१३ जण मरण पावले. समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते. कप्तानासमोरील विमानाचा कल दाखविणारे उपकरण बिघडले होते. विमान सरळ असतानाही ते उजवीकडे कलले आहे असे मानून डावीकडे वळविले गेले आणि कक्षातील अन्य उपकरणांच्या आधारे विमान वेळीच सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. एका उपकरणाची साक्ष दुसऱ्याने पडताळून पाहणे, हा अशा वेळी तारणारा संस्कार होय. उपकरण मुद्दाम बिघडवून त्याचा निर्धोक सराव केवळ सदृशकातच देता येतो.

घरगुती संगणक : इलिनॉय विद्यापीठातील ब्रूस आर्टविक याने १९७५ मध्ये आपल्या प्रबंधासाठी संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचे दृश्य उभे करण्याचा अभ्यास केला. त्यातून १९८० मध्ये ॲपल २ या घरगुती संगणकासाठी उड्डाणाची आज्ञावली विक्रीस आली. तिच्यात भूमी म्हणजे रेषांची जाळी होती. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आर्टविकची आज्ञावली आयबीएम संगणकासाठी प्रसिद्ध केली. १९९५ मध्ये ऑस्टिन मायर याची एक्स-प्लेन ही आज्ञावली आली. तिच्यात पंखाचे लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील हवेच्या बलाचे गणित केले जाते. फ्लाइटगिअर ही आज्ञावली सर्वांस मोफत उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये या मालिकेचे काम करणारा विभाग बंद केला; तथापि २०२० मध्ये उपग्रह व विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवर आधारलेली नवी आवृत्ती निघाली. एकेकाळी विमान कंपन्यांनाच परवडणारे गणित व दृश्य अशा रीतीने घरात आले. उरला तो चालककक्ष, आणि तो हौशी माणसाने स्वतः बांधावयास घेतला.

घरगुती चालककक्षाची रचना : नवशिक्याने प्रथम एकच विमान निवडणे इष्ट असते. सर्व विमानांना चालेल असा कक्ष बांधू पाहणाऱ्याचा कक्ष कोणत्याच विमानासारखा होत नाही. १९५५ मध्ये प्रथम उडालेले चार आसनी सेस्ना १७२ हे विमान यासाठी सोयीचे पडते. कारण त्याची उपकरणे थोडी व त्यांची मांडणी सुटसुटीत आहे. त्याच्या जुन्या धर्तीच्या फलकावर वरच्या ओळीत वेगदर्शक, कृत्रिम क्षितिज व उंचीमापक आणि खालच्या ओळीत वळणदर्शक, दिशादर्शक व चढ-उताराचा दर मांडणारे उपकरण अशी सहा मुख्य उपकरणे असतात. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० यांचे कक्ष अधिक आकर्षक असले, तरी त्यांतील असंख्य कळा व दिवे यांमुळे आरंभीचे काम अर्धवट राहण्याचा संभव असतो.

बांधणीचा आरंभ आसन व दृष्टी यांपासून करतात. आसनावर बसल्यावर डोळ्यांची उंची, पेडलपर्यंतचे अंतर आणि हाताचा आवाका ही मापे निश्चित करून पुठ्ठ्याची कच्ची प्रतिकृती करून पाहतात. पुठ्ठ्यात आढळलेली चूक कात्रीने सुधारता येते. प्लायवूडात ती महाग पडते. त्यानंतर नियंत्रण चक्र, शक्तिनियामक दांडा व सुकाणूची पेडले ही तयार विकत घेऊन भक्कम बसविणे नवशिक्यास सोपे जाते, कारण सारखी हालणारी व ताण सोसणारी साधने हीच असतात. दांड्याची स्थिती संगणकास कळविण्यासाठी पोटेन्शिओमीटर वापरतात. घर्षणाने तो झिजतो व संकेत थरथरू लागतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी चुंबक व हॉल संवेदक यांची जोडी वापरली जाते, तिच्यात स्पर्शच नसल्याने झीज होत नाही.

कळा, गोल फिरणाऱ्या खुंट्या व दिवे यांसाठी सूक्ष्मनियंत्रकाचा उपयोग होतो. २००५ मध्ये इटलीत विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या आर्डुइनो या फलकांमुळे हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आले. त्यांपैकी मेगा या फलकावर अंकीय संकेतांसाठी ५४ जोडण्या असतात. मोबिफ्लाइट ही मोफत आज्ञावली अशा फलकावरील कळ व पडद्यावरील विमान यांची सांगड घालते. एक कळ व एक दिवा जोडून तो चालला की पुढचा जोडावा, प्रत्येक तारेस खूणचिठ्ठी लावावी आणि फलक मागून उघडता येईल अशी सोय ठेवावी, हे नियम साधे असले तरी दुरुस्तीच्या वेळी त्यांचे मोल कळते.

मर्यादा : मान्यता नसलेल्या घरगुती कक्षातील तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत. एकच अरुंद पडदा असल्यास उंची व वेग यांचा अंदाज चुकतो. चुकीच्या सवयी, विशेषतः बाहेर न पाहता उपकरणांकडेच पाहत राहण्याची सवय, पुढे खऱ्या विमानात मोडणे कठीण जाते. याहून मूलभूत मर्यादा वेगळीच आहे. घरातील आसन स्थिर असते. त्यावर बसलेल्याचा अंतर्कर्ण कधीच फसत नाही. म्हणून उपकरणांवर विश्वास ठेवणे त्याला सोपे वाटते आणि तो विश्वास कशाच्या विरोधात टिकवावयाचा असतो याची त्याला कल्पना येत नाही. दृश्याच्या बाबतीत लिंकच्या लाकडी पेटीला कितीतरी मागे टाकणारे हे साधन या एका बाबतीत तिची बरोबरी करू शकत नाही.

तथापि उपकरणांवरून ठरावीक क्रमाने नजर फिरविणे, तपासणीसूची न गाळता वाचणे, एका उपकरणाची दुसऱ्याशी पडताळणी करणे आणि बिघाड झाल्यावर कृतींचा क्रम न विसरणे या गोष्टी घरी उत्तम शिकता येतात. खऱ्या उड्डाणापूर्वी त्या अंगवळणी पडल्या असतील, तर शिक्षकाबरोबरचा महागडा वेळ सत्कारणी लागतो. तळघरातील लिंकचा हेतूही एवढाच होता. स्वतःच्या हाताने कक्ष बांधणाऱ्याला आणखी एक लाभ होतो : प्रत्येक उपकरण काय मोजते आणि ते कोणत्या कारणाने खोटे बोलू शकते, हे त्याला ते जोडतानाच समजून घ्यावे लागते.