मुंडकटाईपासून मदतनिधीपर्यंत

‘मुंडकटाई’ हा शब्द आतां जुन्या दप्तरांतच उरला आहे. कोणाचा जीव गेला असतां त्याच्या वारसांस भरपाईदाखल जी जमीन लावून देत, तिला मराठी मुलुखांत हें नांव होतें. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठीं जी नेमणूक होई ती बालपरवेशी. मागें राहिलेल्यांनीं खावें काय, या प्रश्नापासून हा हिशेब सुरू होई. अर्थात् नेमणूक धन्याच्या मर्जीवर असे. हक्क म्हणून ती मागतां येत नसे.

सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें आणि तेथें इंग्रजी अंमल आला. पुढें १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानें हिशेबाची रीतच पालटली. कामावर मेलेल्या प्रौढ मजुराबद्दल ३० महिन्यांचें वेतन, पण २५०० रुपयांहून अधिक नाहीं. अल्पवयी मजुराबद्दल सरसकट २०० रुपये. दरमहा १५ रुपये मिळविणाऱ्याचा जीव ४५० रुपयांचा, ४० मिळविणाऱ्याचा १२०० चा! मालकाची चूक सिद्ध न करतांहि वारसांना कांहीं मिळूं लागलें, हा त्या कायद्याचा मोठाच गुण. परंतु हेंच माप घरांत राबणाऱ्या बाईला लावूं गेल्यास उत्तर शून्य येतें.

सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ हें गांव कृष्णा-येरळेच्या संगमावर वसलें आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं महापुरांतून ग्रामस्थांना बाहेर काढणारी नाव तेथें उलटली व १७ जण बुडाले; त्यांत बहुतेक बायका आणि मुलें. आपत्तीच्या मदतीचे जे निकष केंद्र सरकारनें २०१५ सालीं ठरविले होते, त्यांत मृताच्या वारसांस ४ लक्ष रुपये होते. येथें वेतन विचारीत नाहींत, वयहि विचारीत नाहींत. तान्हें मूल आणि घरचा कर्ता पुरुष एकाच रकमेचे. ही समता लहान नव्हे. मात्र त्याच कोष्टकांत दुभत्या म्हशीचे ३० हजारहि लिहिलेले होते (कारकुनाला दोन कागद कशाला?), आणि वाचणाऱ्याची दृष्टि तेथें अडखळते.

शिवाय ही रक्कम एकदांच मिळते. जुलै २०२१ मध्यें सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांत मिरगांव व आंबेघर येथें दरडी कोसळल्या. माणसें गेलीं, घरेंहि गाडलीं गेलीं. मृतांमागें मदतीची रक्कम जाहीर झाली. वांचलेल्यांनीं मागितली ती डोंगराखालून दूर, राहण्याजोगी जमीन.